भाषांतरित प्रश्नावली आणि हौशी खेळाडूंची भावनिक बुद्धिमत्ता : एका मोजपट्टीचा इतिहास

सन 1919 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने भरविलेल्या मैदानी शर्यती पाहावयास सर दोराबजी टाटा उपस्थित होते. जिमखान्याची स्थापना 1906 ची. टाटा हे त्या वेळी संस्थेचे अध्यक्ष. धावणाऱ्यांत खेड्यापाड्यांतील शेतकरी तरुणांचा भरणा मोठा होता आणि ते अनवाणी धावत होते. पुढे 1929 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रात टाटांनी त्या काळची एक हकीकत नमूद करून ठेविली आहे. लहान पल्ल्याच्या धावेस किती वेळ लागावा, असे त्यांनी जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारले, तेव्हा उत्तर मिनिटांच्या हिशेबाने आले. प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदांचा, किंबहुना सेकंदाच्या दशांशांचा आहे, असे टाटांनी सांगताच तो गृहस्थ थक्क झाला. तरीही त्याच मैदानावरील निवडीतून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारताचा पहिला संघ उभा राहिला आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले.

मोजमापाच्या इतिहासात ही हकीकत लहानशी असली तरी अर्थपूर्ण आहे. मोजण्याची सवय नसलेल्या मैदानावर परकीय मोजपट्टी आली आणि तिने कोणावरही अन्याय केला नाही. चौगुल्यांना इंग्रजी येते की नाही, याच्याशी घड्याळाला काही कर्तव्य नव्हते. सेकंदाचे भाषांतर करावे लागत नाही. त्याच पुण्यात आज बॅडमिंटन, पोहणे, धावणे वा टेकडी चढणे केवळ आवडीखातर करणाऱ्या माणसाच्या हाती प्रश्नावली दिली जाते आणि त्याची भावनिक बुद्धिमत्ता किती, हे आकड्यात सांगण्याचा प्रयत्न होतो. ही प्रश्नावली बहुधा अमेरिकेत इंग्रजीत तयार झालेली असते आणि तिचे मराठी भाषांतर पुढे ठेवलेले असते. घड्याळाच्या बाबतीत न उद्भवलेला प्रश्न येथे प्रथमच उद्भवतो : भाषा बदलली, तरी माप तेच राहते काय?

हा प्रश्न मानसशास्त्राला नवीन नाही, आणि महाराष्ट्राला व त्याच्या सीमाभागाला तर तो मुळीच नवीन नाही. आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी 1905 साली पॅरिसच्या शाळांसाठी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी सिद्ध केली. ती अमेरिकेत नेली हेन्री गॉडर्ड यांनी. त्यांनी फ्रेंच कसोटीचे इंग्रजी रूपांतर केले, आणि एवढ्यावर न थांबता न्यू यॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांस ती दुभाष्यांच्या साहाय्याने दिली. परिणाम 1917 साली प्रसिद्ध झाला. ज्यू, हंगेरियन, इटालियन व रशियन अशा प्रत्येक गटातील सुमारे 80 टक्के माणसे मंदबुद्धी ठरली होती. आठवड्यांचा समुद्रप्रवास करून आलेल्या, हातात क्वचितच लेखणी धरलेल्या माणसांना विचारलेले प्रश्न होते ते. तेथील एका दुभाष्याने, आपण या देशात प्रथम आलो तेव्हा आपल्यालाही हे जमले नसते, असे बोलून दाखविले होते. त्या काळच्या साऱ्या आकडेवारीत मोजमापाविषयीचे सर्वांत शहाणे विधान कदाचित हेच असेल. परंतु ते करणारा शास्त्रज्ञ नव्हता, म्हणून त्याचा हिशेबात विचार झाला नाही.

याच्या उलट उदाहरण धारवाडचे आहे. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील या गावात मराठी व कानडी या दोन्ही भाषा बोलणारी मुले होती. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात 1916 साली सिद्ध झालेल्या बिने-श्रेणीच्या आवृत्तीवरून दोन्ही भाषांतील मुलांसाठी कसोटी तयार केली. तिचा वृत्तान्त 1934 साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि 1940 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कामतांच्या कार्याचे मर्म भाषांतरात नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. मूळ श्रेणीत नाणी ओळखणे व मोड देणे आहे, यमके जुळविणे आहे, विस्कटलेल्या शब्दांचे वाक्य लावणे आहे, शब्दसंग्रह आहे. सोळा आण्यांच्या रुपयात वाढलेल्या मुलास सेंटचे गणित घालून काय साधणार? मराठीत शब्दांचा क्रम पुष्कळच मोकळा आहे. इंग्रजीत ज्या कोड्याला एकच उत्तर असते, त्याला मराठीत दोन-तीन उत्तरे सहज निघतात. यमक तर एका भाषेतून दुसरीत जातच नाही. म्हणून असे प्रश्न नव्याने घडविणे भाग पडते. त्याहूनही महत्त्वाचे असे की, कोणता प्रश्न कोणत्या वयाचा, हे कामतांनी अमेरिकन कोष्टकावरून ठरविले नाही. धारवाडच्या मुलांची प्रत्यक्ष परीक्षा घेऊन, कोणत्या वयाच्या मुलांस तो साधतो हे पाहून ठरविले. पट्टीचा आकार बाहेरून आला, पण तिच्यावरील रेघा येथे आखल्या गेल्या. बिने-कामत या जोडनावाने ती कसोटी पुढे अनेक दशके दवाखान्यांत व शाळांत चालत राहिली. तिचे मापदंड जुने झाल्यावरही ती चालतच राहिली, हा तिच्या कर्त्याचा दोष नव्हे.

पुण्यात या परंपरेला पुढे वेगळे वळण मिळाले. आप्पा पेंडसे यांनी 1962 साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमान मुलांची निवड व शिक्षण हा प्रयोगाचा विषय झाला, आणि गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धान्ताच्या आधाराने मराठीतून कसोट्या रचण्याचे काम तेथे झाले. सारांश, मराठीत मनाचे मापन करावयाचे तर काय करावे लागते, याचा अनुभव या भूमीत तीन पिढ्यांचा आहे. भावनिक बुद्धिमत्तेच्या मापनात मात्र तो अनुभव फारसा उपयोगात आणलेला दिसत नाही.

याचे एक कारण उघड आहे. बुद्धीच्या कसोटीत उत्तर बरोबर वा चूक असते. चुकीचे भाषांतर झाले तर मूल अडखळते आणि परीक्षकास ते दिसते. प्रश्नावलीत कोणी अडखळत नाही. विधान वाचावे, पाच खुणांपैकी एक करावी आणि पुढे जावे. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 साली रूढ केलेल्या या पद्धतीत चुकीचे भाषांतरही नीटनेटका आकडा देऊन जाते.

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ झाली ती पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर यांच्या 1990 च्या लेखापासून. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांचे नियमन करणे आणि विचारास व कृतीस त्यांचा उपयोग करून घेणे, असे तिचे स्वरूप त्यांनी मांडले. डॅनिएल गोलमन यांच्या 1995 च्या ग्रंथाने ती घरोघर पोहोचविली. इतकी की मूळ कल्पनेपेक्षा तिची कीर्तीच अधिक वेगाने वाढली. 1998 साली निकोला शुट व सहकाऱ्यांनी तिजवर आधारलेली 33 विधानांची श्रेणी प्रसिद्ध केली. प्रथम 62 विधाने घेऊन ती 346 व्यक्तींना दिली, आणि त्यांतून ही 33 निवडली. (भरताच्या नाट्यशास्त्रात व्यभिचारी भावही 33 च आहेत. या योगायोगाचा अर्थ काढू नये. पण भावनांची मोजदाद करण्याचा हव्यास पश्चिमेचाच आहे, असेही कोणी समजू नये.) श्रेणी लहान, विनामूल्य व सोपी असल्यामुळे जगभर पसरली आणि क्रीडाक्षेत्रातही आली. भारतातही या शतकाच्या आरंभी हाइड, पेठे व धर यांनी 34 विधानांची श्रेणी केली. ती व्यवस्थापन क्षेत्रातील अधिकाऱ्यांच्या उत्तरांवर उभी आहे. कार्यालयातील अधिकारी आणि सकाळी सहा वाजता रॅकेट घेऊन निघालेला मनुष्य कधी कधी एकच असतो. पण त्या दोन घटकांतील त्याचे मन एकच असते, असे गृहीत धरता येत नाही.

आता भाषेकडे वळावे. इंग्रजीत भावनेसाठी, जाणिवेसाठी आणि मनाच्या लहरीसाठी निरनिराळे शब्द आहेत, आणि प्रश्नावली त्यांतील भेद गृहीत धरून चालते. मराठीत व्यवहाराचा सारा भार ‘वाटणे’ या एका क्रियापदावर पडतो. ‘मला वाईट वाटले’ ही भावना. ‘मला वाटते, तो येणार नाही’ हे मत. स्वतःला काय वाटते ते ओळखता येते, या अर्थाचे विधान वाचून एखाद्या पुणेकराने ठामपणे होकाराची खूण केली, तर तो आपल्या भावना ओळखतो की आपली मते त्यास पक्की ठाऊक आहेत, याचा उलगडा आकड्यावरून होणार नाही. पुण्यात तर दुसरी शक्यता बलवत्तर मानावी लागेल.

व्याकरणाची अडचण याहून खोल आहे. मराठीत राग येतो, भीती वाटते, हुरूप चढतो, कंटाळा येतो. भावना बाहेरून येते आणि मनुष्य चतुर्थीत बसून तिचा स्वीकार करतो : ‘मला राग आला’. ‘मी रागावलो’ असेही म्हणता येते, परंतु त्यात रागाची जबाबदारी अधिक स्पष्ट होते आणि वहुधा ती दुसऱ्यावर काढलेल्या रागाची भाषा असते. इंग्रजी श्रेणीतील विधानांचा कर्ता मात्र बहुतेक ठिकाणी ‘मी’ असतो : मी ओळखतो, मी आवरतो, मी उपयोगात आणतो. हे सारे मराठीत ‘मी माझ्या भावनांवर नियंत्रण ठेवतो’ अशा साच्यात ओतले की वाक्य शुद्ध होते, पण तसे कोणी बोलत नाही. माणूस राग ‘गिळतो’, ‘आवरतो’, ‘मनात ठेवतो’. या तिहींत फरक आहे, आणि भावनिक बुद्धिमत्तेच्या दृष्टीने तोच फरक मोलाचा आहे. राग गिळणारा व राग आवरणारा यांना ‘नियंत्रण’ या एका शब्दाखाली सारखेच गुण मिळतात.

शिवाय मराठी क्रियापद लिंग सोडीत नाही. ‘ठेवतो / ठेवते’ असे दोन्ही छापावे लागते. मूळ इंग्रजी विधान वाचताना आपण पुरुष की स्त्री, याचे स्मरण होत नाही. मराठीत ते पुन्हा पुन्हा होते. शुट व सहकाऱ्यांच्या 1998 च्या अभ्यासात स्त्रियांचे गुण पुरुषांपेक्षा अधिक आले होते. मराठी प्रश्नावलीत तसाच फरक आढळला, तर तो भावनांचा किती आणि ‘स्त्रीने समजूतदार असावे’ या प्रत्येक ओळीगणिक जाग्या होणाऱ्या अपेक्षेचा किती, हे वेगळे काढण्याची सोय राहत नाही.

नकारार्थी विधानांची कथा निराळी. शुट यांच्या श्रेणीत तीन विधाने उलट गुण द्यावयाची आहेत. नुसती होकारांची ओळ लावणारा त्यांत सापडावा, हा त्यांचा हेतू. परंतु ‘तुला पोहता येत नाही ना?’ या प्रश्नास मराठी मनुष्य ‘हो, नाही येत’ असे उत्तर देतो. होकार विधानाला असतो, वस्तुस्थितीला नव्हे. ‘इतरांना काय वाटते ते मला कळत नाही’ या विधानापुढे ‘असहमत’ या, एरवी तोंडी न येणाऱ्या, शब्दावर खूण करताना उत्तर देणारा नेमके काय नाकारतो, ते त्याचे त्यालाच क्षणभर सांगता येत नाही.

अशा दोषांवर उपाय म्हणून प्रतिभाषांतराची पद्धत सांगितली जाते. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 साली तिचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. एकाने मराठी करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचे पुन्हा इंग्रजी करावे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावे. ढोबळ चुका यात निश्चित सापडतात. परंतु वर सांगितलेल्यांपैकी एकही अडचण हिच्या जाळ्यात अडकत नाही. ‘वाटते’ याचे इंग्रजी अपेक्षित तेच होते, ‘नियंत्रण’ मूळ शब्दाकडे बिनतक्रार परततो, आणि ‘ठेवतो / ठेवते’ यातील लिंग इंग्रजीत शिरताच नाहीसे होते. उलट, मराठी जितके कृत्रिम व शब्दशः, तितके प्रतिभाषांतर मुळाशी अधिक जुळते. ‘राग गिळणे’ लिहिणारा भाषांतरकार या परीक्षेत नापास होण्याचा संभव आहे. वर्नर व कॅम्बेल यांनी त्याच वर्षी सुचविले होते की, मूळ पाठ पवित्र मानू नये. दोन्ही भाषांस पेलेल असे मुळातच फेरफार करावे. हा विचार कामतांच्या रीतीशी जवळचा आहे. पण त्याला वेळ लागतो, आणि प्रबंधास मुदत असते.

विश्वसनीयतेचा गुणक 0.80 च्या वर आला की काम झाले, असा समज पदव्युत्तर वर्तुळात दृढ आहे. क्रॉनबॅक यांनी 1951 साली मांडलेला हा गुणक विधाने एकमेकांशी मेळ राखतात की नाही, एवढेच सांगतो. सर्व विधानांना ‘शहाण्या माणसाने असे म्हणावे’ या एकाच भावनेने उत्तरे दिली, तरी मेळ उत्तम बसतो. खुद्द इंग्रजी भाषक खेळाडूंच्या बाबतीतही अँड्र्यू लेन व सहकाऱ्यांना 2009 साली असे दिसले की, 33 विधानांपैकी कित्येकांत भावनेचा उल्लेखच नाही. ती गाळून 19 विधानांची श्रेणी त्यांनी अधिक योग्य मानली. मूळ भाषेत जिचे घटक डळमळले, त्या श्रेणीचे मराठीत घटकविश्लेषण न करता केवळ बेरजेवर निष्कर्ष काढणे, हे एलिस बेटावरील हिशेबाहून फार दूरचे नाही. फरक एवढाच की, येथे कोणी परत पाठविला जात नाही. तथापि संघनिवडीत, नोकरीच्या मुलाखतीत वा शाळेच्या अहवालात हा आकडा शिरू लागला, तर तोही फरक उरणार नाही.

मोजावयाचा मनुष्य कोण, हेही ठरलेले नाही. ‘हौशी खेळाडू’ म्हणजे पूर्वी धंदेवाईक नसलेला खेळाडू. त्यात स्पर्धा होती, नियमित सराव होता. केवळ विरंगुळ्याखातर खेळणे ही कल्पना निराळी, आणि पुण्याच्या परंपरेत ती काहीशी उपरी आहे. पेठांतील तालमींत मेहनत होत असे, विरंगुळा नव्हे. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 साली स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाचा व्यायाम हा राष्ट्रकार्याचा भाग होता. दुसऱ्या बाजूस, लष्करातील इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात येथे खेळलेला आणि काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखला गेलेला बॅडमिंटनचा खेळ फावल्या वेळेचा होता. आज पर्वतीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्या वृद्धास ‘तुम्ही विरंगुळ्यासाठी खेळता काय?’ असे विचारले, तर तो आरोग्याचे, नेमाचे, कदाचित देवदर्शनाचे नाव घेईल. त्यास नमुन्यात घ्यावे की वगळावे? या निर्णयावर साऱ्या सरासऱ्या अवलंबून आहेत. आणि खेळणाऱ्यांचे गुण न खेळणाऱ्यांहून अधिक निघाले, तरी खेळाने समजूत वाढविली की चार जणांत मिसळणारी माणसेच मैदानाकडे वळली, हे एकदाच घेतलेल्या मापावरून ठरत नाही.

मुळात जे मोजावयाचे, त्यासाठी मराठी मैदानाजवळ स्वतःचे शब्द आहेत, याची दखल कोणत्याच भाषांतरात घेता येत नाही. कारण मुळात ते शब्द नाहीत. खिलाडूवृत्ती हा शब्द घ्यावा. हरल्यावर मन न कडवटणे, जिंकल्यावर न उतणे आणि पंचाचा निर्णय पटला नाही तरी खेळ पुढे चालू ठेवणे, हे सर्व त्यात एकवटले आहे. तिचा अभाव दाखविणारे शब्द त्याहून नेमके आहेत. हार दिसू लागताच नियमांवर हुज्जत घालून खेळ मोडणाऱ्याचा तो ‘रडीचा डाव’. हारीपेक्षा चिडविले जाण्याने जो बिघडतो तो ‘चिडका’. हे दोन वेगळे स्वभाव आहेत, आणि आठ वर्षांचे मूलही त्यांची गल्लत करीत नाही. सर्वांत सूक्ष्म शब्द ‘लिंबूटिंबू’. खेळ न येणाऱ्या लहानग्यास वगळून त्याचे मन मोडावयाचे नाही आणि त्याच्यापायी डावही बिघडू द्यावयाचा नाही. म्हणून तो खेळतो, धावतो, पण बाद होत नाही, आणि बहुधा आपण बाद होत नाही याचा त्यास पत्ताही नसतो. दुसऱ्याची भावना ओळखणे व तिचा विचार करून कृती करणे हे जर सॅलोव्ही व मेयर यांच्या व्याख्येचे सार असेल, तर ते येथे एका व्यक्तीत नसून साऱ्या गटात आहे. एकेका व्यक्तीस स्वतंत्र कागद देणाऱ्या प्रश्नावलीत त्यास जागा नाही.

पुण्यातील खेळणाऱ्यांसाठी श्रेणी करावयाची झाल्यास प्रारंभ या शब्दांपासून होऊ शकेल. दुहेरीच्या सामन्यात जोडीदाराने सोपा फटका दवडला असता काय होते, टेकडीवर मागे राहिलेल्यासाठी कोण थांबते, ‘रडीचा डाव’ कोणाला म्हणतात व तोंडावर म्हणतात की पाठीमागे, हे प्रथम खेळणाऱ्यांच्या तोंडून जमवावे लागेल. त्यांतून विधाने, विधानांची पारख, सोबत्यांनी एकमेकांविषयी दिलेली उत्तरे, आणि मग पेठा, उपनगरे, स्त्री-पुरुष व वयोगट यांनुसार मापदंड, असा तो क्रम आहे. तोपर्यंत भाषांतरित श्रेणी वापरावयाची असेल, तर 33 ते 165 या कक्षेत पुण्यातील उत्तरे कशी पसरली एवढेच छापणे योग्य. परदेशी सरासरीची रेघ त्या कोष्टकात ओढू नये.